बधिरांची मुखत्यारी
भारतातील बधिर-संघटनांच्या वाटचालीचा आलेख

प्रास्ताविक

जुन्या वऱ्हाडातील कचेऱ्यांची दप्तरे ज्यांनी चाळली आहेत, त्यांना मुखत्यारपत्र हा दस्तऐवज चांगला परिचयाचा असेल. ज्या पक्षकारास स्वतः हजर राहणे शक्य नाही, त्याच्या वतीने अर्ज करण्याचा, जबाब देण्याचा, तडजोड करण्याचा आणि सही करण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती सोपविणारा हा कागद. परंतु तो खरा ठरावयाचा तर लिहून देणाराने तो राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिलेला असला पाहिजे, ही त्याची पहिली अट. बधिर मनुष्याच्या बाबतीत समाजाने हे मुखत्यारपत्र त्याला न विचारताच लिहून घेतले. त्याच्या वतीने आई बोलली, थोरला भाऊ बोलला, शिक्षक बोलले, वैद्य बोलले आणि अखेरीस सरकारही बोलले. यांपैकी बहुतेक जण मायेने बोलले, काही जण जन्मभर कष्ट सोसून बोलले, हे कृतज्ञतेने सांगितलेच पाहिजे. तथापि ज्याच्याविषयी हे सर्व बोलणे चालले होते, त्याचे स्वतःचे म्हणणे काय आहे, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला, आणि तोही त्याने स्वतः सभा भरवून, ठराव करून व कोर्टाची पायरी चढून विचारावयास लावला तेव्हा.

चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी निघणाऱ्या या स्मरणिकेत भारतातील बधिरांच्या संघटनांचा इतिहास सांगण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले, तेव्हा हा मुखत्यारीचा धागा हाती धरूनच तो सांगावा असे वाटले. संस्थांच्या इतिहासात कोनशिला, कार्यकारिणी व देणग्या यांचा तपशील असतो, आणि तो असावाही. पण या इतिहासाचे खरे मोजमाप एवढेच आहे, की बोलण्याचा अधिकार कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला.

मोजणी आणि वारसा

आपल्या देशात बधिरांची सरकारदरबारी पहिली नोंद झाली ती खानेसुमारीच्या तक्त्यात. १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या प्रत्येक खानेसुमारीत वेडे, बहिरे-मुके, आंधळे आणि महारोगी अशा चार प्रकारच्या व्यंगांची स्वतंत्र मोजणी होत असे, आणि त्या काळी निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेल्या वऱ्हाड प्रांतातही हेच तक्ते भरले जात. म्हणजे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील एखादा बधिर शेतकरी त्या कागदावर होता. परंतु तो एक अंक म्हणून होता, आणि त्या अंकाच्या आधारे त्याच्यासाठी काही तजवीज करावी असे कोणाच्या मनात आल्याचे दिसत नाही. पुढे तर ही मोजणीही थांबली. १९४१ पासून चार खानेसुमाऱ्यांत व्यंगांचा रकानाच राहिला नाही. १९८१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा आपल्या जनगणनेने पूर्ण अंध, पूर्ण पंगू आणि पूर्ण मुके एवढ्यांचीच गणना केली. ज्याला ऐकू येत नाही पण थोडेबहुत बोलता येते, असा मनुष्य त्या वर्षी कोणत्याच रकान्यात बसला नाही. श्रवणदोषाचा स्वतंत्र प्रश्न जनगणनेत यावयास २००१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी देशभरात सुमारे १२ लाख ६२ हजार लोक या सदराखाली नोंदले गेले आणि २०११ साली, प्रश्नाची व्याख्या रुंदावल्यावर, ही संख्या ५० लाखांच्या वर गेली. त्यांपैकी सुमारे ४ लाख ७३ हजार आपल्या महाराष्ट्रातील होते. दहा वर्षांत माणसे चौपट बहिरी झाली नाहीत. विचारणाराने नीट विचारले, एवढाच त्याचा अर्थ.

मोजणीहून कठोर होता तो वारशाचा नियम. मनुस्मृतीसारख्या धर्मग्रंथांनी जन्मांध, जन्मबधिर आणि मुका यांना वडिलार्जित मिळकतीत हिस्सा नाकारला होता. त्यांना अन्नवस्त्र द्यावे, वाटणी देऊ नये, अशी ती व्यवस्था. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनीही हिंदू कायद्याचा भाग म्हणून ती दीर्घकाळ मान्य ठेवली. १९२८ साली मध्यवर्ती कायदेमंडळाने मिताक्षरा पंथाच्या हिंदूंपुरती ही अपात्रता दूर केली, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने कोणत्याही रोगामुळे वा व्यंगामुळे वारसाहक्क जाणार नाही, हे निःसंदिग्धपणे लिहून ठेवले. ज्या घरात जमिनीचा हिस्सा नाही, त्या घरात माणसाला मतही नसते, हे शेतकरी समाजात वाढलेल्या वाचकास समजावून सांगण्याचे कारण नाही. बधिराला कुटुंबात आश्रित मानण्याची जी वृत्ती आपण आजही पाहतो, तिची मुळे या जुन्या वाटणीपत्रांत खोल गेलेली आहेत.

त्या काळच्या एका कायद्याचा मात्र आदराने उल्लेख केला पाहिजे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ११९ व्या कलमाने, ज्या साक्षीदारास बोलता येत नाही त्याने भर न्यायालयात लिहून किंवा खुणांनी दिलेली साक्ष ही तोंडी पुरावाच समजली जावी, असे ठरविले. खुणेला वाणीचा दर्जा देणारे हे एक कलम कायद्याच्या पुस्तकात कित्येक दशके होते. त्या खुणांचा अर्थ लावणारा जाणता दुभाषी कचेरीत असावा, ही तरतूद त्यात स्पष्टपणे यावयास २०१३ ची दुरुस्ती व्हावी लागली.

शाळांचे युग

बधिरांच्या शिक्षणाचा भारतातील प्रारंभ आपल्याच मुंबईत झाला, ही मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. १८८५ साली मुंबईचे कॅथलिक धर्माध्यक्ष लिओ मोरिन यांनी बधिरांसाठी शाळा स्थापन केली, आणि टी. ए. वॉल्श यांनी तिचे मुख्याध्यापकपद सांभाळले. माझगावातील ही संस्था भारतातील बधिरांची पहिली शाळा म्हणून ओळखली जाते. त्यानंतर १८९३ साली कलकत्त्यास श्रीनाथ सिंह, यामिनीनाथ बॅनर्जी आणि मोहिनीमोहन मजुमदार यांनी उमेशचंद्र दत्त यांच्या साहाय्याने शाळा काढली. यामिनीनाथ तर या विद्येचे शिक्षण घेण्यासाठी विलायतेस व अमेरिकेस जाऊन आले. विसाव्या शतकात हे लोण महाराष्ट्रभर पसरले. पुण्याच्या टिळक रस्त्यावरील रुइया मूकबधिर विद्यालय किंवा नागपूरच्या शंकरनगरातील मूकबधिर विद्यालय यांसारख्या शाळांनी हजारो मुलांच्या हाती पाटी-पेन्सिल दिली. विदर्भातील खेड्यापाड्यांतून आलेल्या पालकांनी पाच-सहा वर्षांचे मूल वसतिगृहात ठेवताना काय सोसले असेल, याची कल्पना ज्याची त्यानेच करावी. आपण जात आहोत आणि परत येणार आहोत, हे त्या मुलाला सांगावयास त्यांच्यापाशी शब्द नव्हता.

या शाळा ज्या काळात निघाल्या त्या काळाचा एक मोठा पूर्वग्रह त्यांच्या वाट्याला आला. १८८० च्या सप्टेंबरात इटलीतील मिलान शहरी बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तीत सुमारे १६४ प्रतिनिधी होते आणि त्यांत बधिर असा अवघा एक. या परिषदेने प्रचंड बहुमताने असा ठराव केला, की बधिर मुलांना ओठांच्या हालचाली वाचून व मुखाने बोलूनच शिकवावे, आणि हातांच्या भाषेला वर्गात स्थान असू नये. माझगावची शाळा निघाली ती या ठरावानंतर पाचच वर्षांनी. साहजिकच भारतातील बहुसंख्य शाळांनी पुढे हीच मौखिक पद्धती अंगीकारली. या पद्धतीने काही मुले उत्तम बोलू लागली, ज्यांना थोडे ऐकू येत होते त्यांना तिचा लाभही झाला, आणि शिक्षकांचे परिश्रम तर नमस्कार करावा असेच होते. परंतु ज्या मुलाच्या कानी आवाजाचा लवलेशही पोहोचत नाही, त्याला ‘प’, ‘ब’ आणि ‘म’ यांतील भेद ओठांवरून कळावा कसा? तिन्ही वर्णांना ओठ सारखेच मिटतात. पाणी, बाळ, माती असे शब्द ओठांवरून निवडता निवडता शाळेची निम्मी वर्षे सरत, आणि भाषेने ज्ञानाची दारे उघडावीत ती उघडेपर्यंत बालपण निघून जाई. मिलानच्या ठरावाबद्दल त्याच शिक्षक-परंपरेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे जाहीर खेद व्यक्त केला. मध्ये एकशे तीस वर्षे गेली होती.

आणि तरीही, शाळांनी एक असे कार्य केले जे त्यांच्या अभ्यासक्रमात लिहिलेले नव्हते. आपापल्या गावी एकटे असलेले बधिर मूल येथे प्रथमच आपल्यासारख्या शंभर मुलांत आले; वर्गात मनाई असलेल्या खुणा वसतिगृहाच्या पडवीत, खेळाच्या मैदानावर आणि जेवणाच्या पंगतीत बहरल्या. तेथेच मैत्री जुळली, तेथेच भाषा घडली, आणि शाळा सुटल्यावर पुन्हा भेटावे या ओढीतून बधिरांच्या पहिल्या मंडळ्या जन्मास आल्या. संघटनेचे बीज वर्गात पडले नाही, ते पंगतीत पडले.

सभेचा उदय

जगाच्या इतिहासातही असेच घडलेले दिसते. पॅरिसमध्ये फर्डिनांड बर्थिए या बधिर शिक्षकाच्या पुढाकाराने १८३४ साली बधिरांची एक मेजवानी भरली. बधिरांच्या शिक्षणाचे जनक आबे द लेपे यांच्या जयंतीनिमित्त योजलेल्या या भोजनसमारंभातील भाषणे हातांनी झाली, आणि चार वर्षांत, म्हणजे १८३८ साली, तिच्यातून बधिरांची स्वतःची संस्था उभी राहिली. अमेरिकेतील बधिरांनी आपली राष्ट्रीय संघटना १८८० साली, मिलानच्याच वर्षी स्थापन केली, आणि ब्रिटनमधील बधिरांनी १८९० साली. १९५१ च्या सप्टेंबर महिन्याच्या २३ तारखेस रोम येथे जागतिक बधिर महासंघाची स्थापना झाली. आज ही तारीख संयुक्त राष्ट्रसंघाने सांकेतिक भाषांचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून मान्य केलेली असून २०१८ पासून ती जगभर पाळली जाते.

भारतात बधिरांच्या शिक्षकांची संघटना १९३५ साली निघाली, आणि बधिरांची देशव्यापी संघटना त्यानंतर वीस वर्षांनी. १९५५ साली दिल्ली येथे ऑल इंडिया फेडरेशन ऑफ द डेफ ही संस्था स्थापन झाली आणि बी. जी. निगम या बधिर कार्यकर्त्याने तिची धुरा वाहिली. याच वर्षी हेलन केलर भारताच्या दौऱ्यावर आल्या होत्या. दृष्टी आणि श्रवण या दोहोंना पारखी झालेली ही विदुषी पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर देशोदेशी हिंडत होती. या भारतीय महासंघाने राज्याराज्यांतील बधिर-मंडळांना एका सूत्रात गुंफले, जागतिक महासंघाशी संबंध जोडला, आणि धंदेशिक्षणाची सोय केली. दिल्लीतील छायाचित्रणाचे वर्ग हे त्या काळातील एक उल्लेखनीय कार्य होय. डोळा तीक्ष्ण आणि हात स्थिर असलेल्या तरुणास हा व्यवसाय सर्वस्वी अनुकूल, आणि त्यात गिऱ्हाइकाशी फार बोलावेही लागत नाही.

या वर्गांतून कसे मोती निघाले याचे एक उदाहरण पुरेसे आहे. हिमाचलातील एका खेड्यात वाढलेला, वयाच्या अकराव्या वर्षी आजाराने श्रवण गमावलेला, शेतात राबलेला एक मुलगा दिल्लीस येऊन छायाचित्रण शिकला, तेथील बधिर मित्रमंडळींत हातांची भाषा शिकला, आणि १९६७ साली बधिरांच्या उच्च शिक्षणासाठी विख्यात असलेल्या अमेरिकेतील गॅलाडेट महाविद्यालयात दाखल झाला. त्याचे नाव मदन वशिष्ठ. भारतीय सांकेतिक भाषेच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत पुढे त्यांचे नाव अग्रभागी आले.

भाषेची सनद

बधिरांच्या चळवळीतील भाषेचा अध्याय सर्वांत समृद्ध आहे, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. ऐकणाऱ्या समाजाची अशी समजूत होती आणि अजूनही आहे, की बधिरांच्या खुणा म्हणजे हातवारे. त्यांना व्याकरण नसते, आणि प्रत्येक गावी त्या वेगळ्या असतात. १९७० नंतरच्या दशकात वशिष्ठ यांनी जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांच्या सोबतीने दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगळूर येथील बधिरांच्या खुणांचे नमुने गोळा केले, तेव्हा असे आढळले, की एकमेकांपासून दूर असलेल्या या शहरांतील बधिरांचा सुमारे तीन चतुर्थांश शब्दसंग्रह परस्परांशी जुळतो. म्हणजे कोणी न शिकविता, किंबहुना शाळांनी मनाई केलेली असता, या देशात एक भाषा घडत आलेली होती. तिला स्वतःचा वाक्यक्रम होता, प्रश्नार्थासाठी भुवयांची व मस्तकाची ठरलेली ठेवण होती, आणि काळ दाखविण्यासाठी शरीराच्या मागची व पुढची जागा होती. मुंबईच्या सांकेतिक बोलीचा स्वतंत्र कोशही या प्रयत्नांतून सिद्ध झाला. ऐकणाराने ज्याला हातवारे म्हटले, त्यास अभ्यासकांनी भाषा म्हटले, आणि ही मान्यता संघटनेच्या हाती शस्त्र म्हणून आली.

मुंबईत वांद्रे येथे ९ ऑगस्ट १९८३ रोजी केंद्र सरकारची राष्ट्रीय श्रवण-विकलांग संस्था सुरू झाली. महाराष्ट्राचे दिवंगत राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव तिला देण्यात आले. श्रवणचिकित्सा, वाचा-उपचार आणि शिक्षक-प्रशिक्षण हे तिचे मूळ कार्य. पुढे २००० नंतरच्या वर्षांत सांकेतिक भाषेचे रीतसर वर्गही तिने चालविले. दूरदर्शनने १९८७ साली रविवारचे बधिरांसाठीचे बातमीपत्र सुरू केले, आणि घरोघरी ऐकणाऱ्या कुटुंबांनी प्रथमच पाहिले, की देशाचा कारभार हातांनीही सांगता येतो.

तथापि बधिरांची मागणी यापुढची होती: सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र संस्था असावी आणि तिच्या कारभारात बधिरांना स्थान असावे. केंद्र सरकारने ती मान्य करून २०११ साली दिल्लीच्या मुक्त विद्यापीठाच्या आश्रयाने अशी संस्था सुरू केली. ती दोनच वर्षांत बंद पडण्याची वेळ आली, आणि तिचे काम श्रवण-विकलांग संस्थेत विलीन करण्याची तजवीज झाली. तेव्हा देशातील बधिर मंडळींनी निदर्शने केली, निवेदने दिली, आणि वैद्यकाच्या छायेत आपली भाषा ठेवू नये असा आग्रह धरला. हा आग्रह समजून घेण्यासारखा आहे. कान बरा करणे हे वैद्याचे काम. पण भाषा हा काही आजार नव्हे. अखेर २८ सप्टेंबर २०१५ रोजी भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्वतंत्र संस्था म्हणून स्थापन झाले. या केंद्राने २०१८ साली ३ हजार शब्दांचा, २०१९ साली ६ हजार शब्दांचा आणि २०२१ साली १० हजार शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही या भाषेच्या प्रमाणीकरणाचा उल्लेख आला. मिलानच्या ठरावाने हद्दपार केलेली हातांची भाषा वर्गाच्या दारातून पुन्हा आत आली ती अशी.

कायदा आणि कोर्ट

मागणी कायद्यात उतरली नाही तर ती सभेच्या ठरावातच जिरते, हे संघटनांना अनुभवाने उमगले होते. अपंगांसाठीचा १९९५ चा कायदा ७ फेब्रुवारी १९९६ रोजी अमलात आला आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या गेल्या, त्यांतील १ टक्का श्रवणदोष असलेल्यांसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क-करारास भारताने २००७ साली मान्यता दिली, आणि त्या कराराला अनुसरून झालेला २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. या कायद्याने २१ प्रकारच्या विकलांगता मान्य केल्या. दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणहानी असलेला तो बधिर, आणि ६० ते ७० डेसिबलची हानी असलेला तो अल्पश्रवण, अशी व्याख्या त्याने केली. आरक्षण ४ टक्के केले आणि संवाद या शब्दाच्या अर्थात सांकेतिक भाषेचा समावेश केला. शाळांत दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट, न्यायालयात आपल्या भाषेत साक्ष नोंदविण्याची सोय, आणि मिळकत धारण करण्याचा व वारशाने घेण्याचा इतरांइतकाच अधिकार, या गोष्टीही त्यात स्पष्टपणे लिहिल्या गेल्या. ज्या वाटणीपत्राने बधिराला बाहेर ठेवले होते, त्याचा हा अखेरचा रद्दनामा म्हणावयास हरकत नाही.

कायद्याइतकीच महत्त्वाची होती ती कोर्टाची लढाई. २००५ साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ या संघटनेने वाहनचालक-परवान्याचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात नेला. ज्याला ऐकू येत नाही त्याचा अर्जच घेतला जात नाही, मग त्याची परीक्षा होणार कशी, असा हा साधा प्रश्न होता. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला, की बधिर उमेदवाराचा अर्ज घ्यावा, त्याची परीक्षा घ्यावी, आणि तो उत्तीर्ण झाला तर त्यास परवाना द्यावा. दुभाषांच्या तुटवड्याचा प्रश्नही या संघटनेने त्याच न्यायालयापुढे मांडला. सप्टेंबर २०२३ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयात सारा सनी या बधिर वकील दुभाषाच्या साहाय्याने कामकाजास उपस्थित राहिल्या. १८७२ च्या कायद्याने खुणांच्या साक्षीस मान्यता दिली होती. दीडशे वर्षांनी बधिर व्यक्ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून वकिलाच्या जागी आली.

उतारवयातील श्रवणहानी

एवढ्या इतिहासात एका मोठ्या वर्गाचा उल्लेख राहून जातो, आणि तो राहू नये. जन्मतः बधिर असलेल्यांपेक्षा, बोलता-चालता, शेती-संसार करता करता ज्यांचे ऐकणे कमी होत गेले अशा माणसांची संख्या फार मोठी आहे. त्यांची भाषा मराठीच असते, त्यांना खुणा येत नाहीत, आणि उतारवयात त्या शिकण्याची उमेदही नसते. परदेशात या वर्गाने वेगळ्या संघटना उभारल्या. लिओ बॉन या श्रवण गमावलेल्या सावकाराने १९११ साली लंडनमध्ये जी संस्था सुरू केली, तिच्यातूनच ब्रिटनची बधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था वाढली. अमेरिकेत हॉवर्ड स्टोन यांनी १९७९ साली अल्पश्रवण लोकांची स्वयंसाहाय्य संघटना काढली. आपल्याकडे असा म्हातारा मनुष्य घराच्या ओसरीत बसून असतो. लग्नकार्यात, वाटणीच्या बैठकीत, बँकेच्या खिडकीशी त्याच्याऐवजी मुलगा बोलतो, आणि ज्याने आयुष्यभर घर चालविले त्याची मुखत्यारी नकळत काढून घेतली जाते. सरकीच्या आणि जिनिंगच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे यंत्रांच्या घडघडाटात राबलेल्या मजुरांचे कान असेच हळूहळू मंदावतात. त्यांच्यासाठी कोणी सभा भरवीत नाही. २००७ साली केंद्र सरकारने बधिरत्व-प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तो या दिशेने एक पाऊल आहे. परंतु संघटनेची जागा सरकारी कार्यक्रम घेऊ शकत नाही.

चिखलीकरांस विज्ञापना

खामगाव-जालना रस्त्यावर वसलेले आमचे चिखली गाव अर्ज-विनंत्यांच्या कामात नवखे नाही. या मार्गावर रेल्वे यावी म्हणून इंग्रजी अमदानीपासून येथील पिढ्यांनी मागणी केली आहे. चिकाटी म्हणजे काय, हे आम्हास कोणी शिकवावयास नको. त्या चिकाटीचा काही अंश आपल्याच घरांतील बधिरांसाठी खर्चावा, एवढीच या लेखाची विनंती आहे.

नवजात बालकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, दोषाचे निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत, आणि उपचार व भाषा-शिक्षण सहाव्या महिन्यापर्यंत, असा या शास्त्राचा नियम आहे. थाळी वाजवून पाहणे, नवस बोलणे आणि वय वाढले की आपोआप बोलेल म्हणून थांबणे, यांत मुलाची भाषा घडण्याची अमोल वर्षे जातात. ज्यांच्या मुलाला कानयंत्राने वा शस्त्रक्रियेने ऐकू येईल त्यांनी तो मार्ग अवश्य धरावा. ज्यांच्या मुलाला येणार नाही त्यांनी सांकेतिक भाषा ही हार मानू नये, आणि मुलाच्या आधी ती स्वतः शिकावी. मूकबधिर हा शब्द आता आपण टाकून द्यावा, कारण त्या मुलाचा कंठ निर्दोष असतो. कर्णबधिर किंवा नुसते बधिर म्हणावे, आणि गावात ज्याला सारे जण ‘मुका’ म्हणून हाक मारतात त्याला त्याच्या नावाने बोलवावे. तहसील कचेरीत, पोलीस ठाण्यात आणि सरकारी दवाखान्यात जाणता दुभाषी मिळावा म्हणून ग्रामस्थांनी व व्यापाऱ्यांनी मिळून अर्ज करावेत. प्रमाणपत्रासाठी आणि तपासणीसाठी बुलढाण्याच्या वाऱ्या करणाऱ्या पालकांसोबत एखाद्या अनुभवी माणसाने जावे. आणि बधिरांच्या नावाने जी कोणती समिती येथे स्थापन होईल, तीत बधिरांची संख्या ऐकणाऱ्यांपेक्षा कमी असू नये.

या स्मरणिकेतील प्रस्तुत लेख एका ऐकणाऱ्या माणसाने लिहिला आहे, आणि हा त्यातील मोठाच उणेपणा होय. चिखली तालुक्यात पुढची स्मरणिका निघेल तेव्हा हा इतिहास बधिर लेखकाने लिहावा, बधिर संपादकाने तपासावा, आणि प्रकाशन-सभेत तो हातांनी वाचला जावा. आम्ही ऐकणाऱ्यांनी दुभाषाशेजारी खाली बसून तो समजून घ्यावा. न विचारता लिहून घेतलेले ते जुने मुखत्यारपत्र त्या दिवशी त्याच्या धन्यास परत केल्यासारखे होईल.